एकाच पातेल्यातलं

नोल्बेर्तो परसातल्या खोलीत राहायला गेला, तेव्हा त्याची आणि बायको एर्सिलियाची मुलगी यास्ना जेमतेम पावलं टाकायला लागली होती. भांडण कशावरून झालं ते एर्सिलियाला आता धड आठवतही नाही. पण त्या काळी चिलीत घटस्फोट नावाची गोष्टच नव्हती, आणि तालकावानो बंदरात दुसरं घर करण्याइतका गोदीतल्या वेल्डरचा पगार नव्हता. त्याने गादी उचलली, अंगण ओलांडलं, झालं वेगळं होणं.

पोरगी मोठी झाली, लग्न होऊन गेली. कायदाही आला. मग पेन्को गावच्या ओल्गा नावाच्या विधवेशी लग्न करायचं म्हणून नोल्बेर्तोने घटस्फोट मागितला. एर्सिलिया म्हणाली, घे बापडा, फक्त पेन्शनच्या फंडातला माझा वाटा टाकून जा. मासळीच्या कारखान्यातली नोकरी तिने यास्नाच्या वेळी सोडली होती. तिच्या नावावर म्हातारपणाला काहीच नव्हतं. वाटा नाही मिळाला तर जावयाच्या दारात जाऊन बसायचं, आणि जावई आतापासूनच घर कसं लहान आहे ते येता-जाता ऐकवत होता.

संसार किती वर्षं चालला हे पाहून वाटा ठरणार होता. नोल्बेर्तोच्या वकिलाने तेच धरलं. अंगण ओलांडलं त्या दिवशी संसार संपला. पुढे हा गृहस्थ त्या घरात नुसता अलेगादो होता, दुसऱ्याच्या छपराखाली टेकलेला माणूस. खोली वेगळी होती हे एर्सिलियाला कुठे नाकारता येत होतं?

न्यायाधीशबाई पोरसवदा होत्या, सर्दीने बेजार. नाक पुसत त्यांनी नोल्बेर्तोला विचारलं, परसात राहत होतात तर जेवणाचं काय? मी माझं शिजवून खायचो, असं म्हणायला वकिलाने त्याला पढवून आणलं होतं. नोल्बेर्तोने एर्सिलियाकडे बघितलं.

"बाईसाहेब, मला अंडंसुद्धा उकडता येत नाही. ही खिडकीतून हाक मारायची, मी ताट घेऊन जायचो."

"म्हणजे तुमचं वेगळं करायच्या?"

हे मात्र त्याला लागलं.

"वेगळं? मी काय खाणावळीत होतो? एकाच पातेल्यातलं. शनिवारी शेवया घातलेला राजमा, आणि तळाची खरवड माझी. पोरीलाही मिळायची नाही."

वकिलाने डोळे मिटून घेतले. शिरगणतीला येणारी बाईसुद्धा दारात आधी हेच विचारते, इथे पातेली किती. जितकी पातेली तितकी घरं. आणि त्या अंगणातून दर वेळी नोल्बेर्तोनेच ओरडून सांगितलं होतं, एक.

निकाल लागला. दोघांच्या लग्नाच्या सगळ्या वर्षांतला फंडाचा जवळजवळ अर्धा भाग एर्सिलियाच्या नावावर झाला. बाहेर बसथांब्यावर नोल्बेर्तो तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ त्याने टोपी या हातातून त्या हातात केली.

"म्हातारे, ओल्गाचा राजमा कडकच राहतो गं. तू काय करतेस?"

"ते वाटणीत आलेलं नाही."

बस आली. पायरीवर पाय ठेवून एर्सिलिया मागे वळली.

"रात्रीच भिजत घाल म्हणावं तिला. आणि मीठ सगळ्यात शेवटी."