दारातला रिपोर्ट

चंद्रपुरात मी एमआरआयचं मशीन चालवतो. पेशंट अंगावरचं लोखंड बाहेर काढतो आणि जाताना किस्सा माझ्याकडं सोडून जातो! किती साचले, विचारू नका. बरेचसे हसत सांगतो, एक मात्र हसत सांगता येत नाही.

* * *

भामरागडची एक आजी. म्हटलं, "लोखंड काही आहे का अंगावर?" तिनं कमरेचा विळा काढून माझ्या हातात दिला. "जपून ठेव, बापू. तुह्या मशीनले देऊ नको!"

* * *

रिपोर्ट डॉक्टरीणबाईंनी सांगायचा, असा नियम. पण गावाकडची माणसं दारातच विचारतात, "काय निंगालं भाऊ?" त्यांची बस सुटायची असते. मग मीच सांगून टाकायचो. बाई करवादायच्या, "तू फोटो काढ, भविष्य सांगू नको!"

* * *

सावली गावचे नथ्थूभाऊ झाडीपट्टीच्या नाटकातले नट. मेंदूत गाठ झाली, रेडिएशनचा शेक घेतला, गाठ गेली. त्यानंतरच्या पहिल्या तपासणीला तर मशीनमध्येच नाटकाचे संवाद सुरू! मी माइकवर ओरडलो, "भाऊ, बोलू नका, डोकं हलते!"

आतून उत्तर आलं, "मंग टाळी वाजव ना!"

* * *

दोनेक वर्षांनी त्यांची बायको सुशीलाबाई म्हणाली, "हे संवाद विसरून राह्यले. नाटक कंपनीवाले म्हंतात, दारू पेऊन येते."

स्कॅनमध्ये गाठ नव्हती. मी दारातच ठोकून दिलं, "डोकं एकदम साफ हाय, बाई!"

तिनं भोळेपणानं तेच कंपनीत सांगितलं. डोकं साफ, म्हणजे मग दारूच! नथ्थूभाऊंचं काम गेलं. काय गरज होती मला तोंड उघडायची?

* * *

पुढं आमच्याकडं मेंदूतल्या बारीक तारा दाखवणारा नवा स्कॅन आला. साध्या फोटोत न दिसणारं त्यात दिसतं. नथ्थूभाऊंना बोलावून घेतलं. पडद्यावर तारा जागोजागी विरलेल्या.

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "शेकानं गाठ गेली, पण तारांनाही झळ बसली रे. माणूस पीत नव्हता. आता हे भरून येणं कठीण."

मी दार उघडलं. समोर सुशीलाबाई, पदर मुठीत धरून. "काय निंगालं भाऊ?"

मी दाराची कडी चाचपत राहिलो.

नथ्थूभाऊ मागून आले. विंगेतून प्रॉम्प्टर सांगतो तसे माझ्या कानाशी कुजबुजले, "विसरला का? म्हन ना... डोकं एकदम साफ हाय, बाई!"