खूणबाई बेटावर राहते तेव्हा

माझ्या धाकट्या जावेला तिच्या बस डेपोत कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे तिला खूणबाई म्हणत. बसमध्ये विसरलेल्या सामानाच्या खिडकीमागे तिने अख्खी नोकरी काढली. छत्र्या, जेवणाचे डबे, चपलेचा एकेकच पाय, एकदा तर पिंजऱ्यासकट पोपट. माणूस धापा टाकत खिडकीशी यायचा, "बाई, ती माझी काळी छत्री!" ही शांतपणे छत्री पाठीमागे लपवून म्हणायची, "खूण सांगा." आता काळ्या छत्रीला खूण काय असणार? पण दांड्याची चीर, कापडाचं ठिगळ, काहीतरी सांगितल्याशिवाय छत्री खिडकीबाहेर येत नसे. एकदा खुद्द डेपो मॅनेजर आपला चष्मा न्यायला आले. बिचाऱ्यांना चष्म्याविना खिडकीही धड दिसत नव्हती. हिने त्यांनाही खूण विचारली.

मी उभा जन्म रंगभूमीवर काढला. राण्या झाले, सवती झाले, एका नाटकात दोन अंक भूत होते. आमचा कपडेपटवाला खोटे मुकुट उशाशी घेऊन झोपायचा, पण तोही सुट्टीच्या दिवशी माणसात यायचा. ही बाई मात्र निवृत्त झाली तरी खिडकी डोक्यात घेऊनच हिंडत होती.

तिच्या लेकीने आम्हा दोघींना बेटांच्या सफरीची तिकिटं काढून दिली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, आईला एकटीला पाठवलं तर ती अख्खं जहाज कोणाचं तरी हरवलंय म्हणून परत करून येईल. तुम्ही सोबत राहा."

मी हुरळून गेले. गोल खिडकीची खोली, डेकवर आरामखुर्च्या, संध्याकाळी वाद्यवृंद! मी माझी मोत्यांची माळ काढली, जरीची शाल काढली. पहिल्या बेटावर पाणी असं निळं की डोळ्यांचं पारणं फिटावं. सगळे पाण्यात. ही कुठे? हातात कोणाची तरी राहिलेली प्लास्टिकची बादली धरून किनाऱ्यावर एकेका पोराच्या आईला गाठत होती. दुसऱ्या बेटावर नारळाच्या झाडाखाली मी जरा डोळे मिटले, तोच नाकाशी काहीतरी आलं.

"जाऊबाई, हे बघा."

"काय आहे?"

"मोजा. लहान मुलाचा दिसतोय. पाय गार पडेल हो त्याचा."

"या उन्हात? अगं, इथे माझं डोकं तापून निघालंय!"

ती गेलीच. मोजा कोणाचाच निघाला नाही. रात्री तो आमच्या खोलीतल्या आरशासमोर, माझ्या पावडरीच्या डब्याशेजारी, मानाने विराजमान झाला.

तिसरं बेट लहान. जहाज लांब उभं राहिलं आणि छोट्या मोटारबोटींनी आम्हाला किनाऱ्यावर सोडलं. संध्याकाळी शेवटची बोट धक्क्याला लागली होती. ओले टॉवेल, पिशव्या, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं माझ्याच गळ्यात. इतक्यात ही लगबगीने आली. हातात एक डबी.

"कवळी आहे कोणाची तरी. नळाजवळ राहिली होती."

"ठेव ती तिथेच! बोट सुटतेय."

"अहो, माणूस जेवणार कसा?" मग जरा थांबून म्हणाली, "येते हं, जाऊबाई."

इथे घात झाला. आपल्याकडे घरातून निघणारी बाई "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणते. आणि मागून येणारीही "येते"च म्हणते. मला वाटलं, ही माझ्या पाठोपाठ बोटीत येतेय. मी चढले, जागा धरली, तिच्यासाठी टॉवेल पसरला आणि वळून पाहते तो धक्का रिकामा. ती माझा निरोप घेऊन गेली होती!

खलाशी दोर सोडू लागला.

"थांबा! माझी जाऊ राहिलीय!"

"आजी, ही शेवटची बोट. जहाज कोणासाठी थांबत नाही."

"मग ती येणार कशी?"

"पुढचं जहाज आठवड्याने येईल."

आठवड्याने! तिच्या गोळ्या माझ्या पिशवीत, पैसे माझ्या पिशवीत, आणि तिच्याजवळ काय, तर परक्याची कवळी. लेकीला काय सांगू? आई बेटावर विसरले? बोटीतली माणसं कुरकुरू लागली. एक गृहस्थ तेवढे टोपीने तोंड झाकून मुकाट बसले होते. मी उठले, धक्क्यावर पाय ठेवला आणि कपाळाला हात लावून कोसळले. आधी गुडघे, मग कंबर, मग खांदा. डोकं धक्क्यावर, पाय बोटीत. आता काढा म्हणावं बोट!

"पाणी मारा!"

"कांदा आहे का कोणाकडे?"

कोणीतरी समुद्राचं खारट पाणी माझ्या नाकात ओतलं. एक बाई हळहळली, "गेल्या वाटतं." गेले नाही गं बाई, असं ओरडावंसं वाटलं, पण भूमिका ती भूमिका. पाठीखालच्या फळ्या रुतत होत्या, मुंगी कानात शिरू पाहत होती, आणि ही पठ्ठी काही येईना.

अखेर ओळखीची पावलं ऐकू आली. धावत नव्हे, चांगली रमतगमत.

"उठा आता, जाऊबाई."

मी उठले. खलाशाने आ वासला. ही बोटीत चढली, डबी पाठीमागे धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कोणाची वस्तू राहिलीय?"

टोपीवाल्या गृहस्थांचं बोट हळूच वर झालं. मेला इथेच बसला होता!

"खूण सांगा."

त्यांनी टोपी बाजूला केली. "उदव्या बादूच्या थुळ्याला थोनं आहे."

"अगं, दे त्यांना!" मी किंचाळले. "बोलणं ऐक ना त्यांचं! आणखी कसली खूण हवीय तुला?"

तिने डबी किलकिली करून आत सुळ्यावरचं सोनं पाहिलं, मान डोलावली आणि मगच दिली.

बोट सुटली. मी नखशिखांत भिजलेली, कंबर ठणकत होती. "तुझ्यापायी मी तिथे मढ्यासारखी पडले. जरा धावत आली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"धक्क्यामागच्या टेकाडावरून सगळं दिसत होतं मला. तुमची नाटकं पाहिलीत की मी. तुम्ही एकदा पडलात की लवकर उठत नाही. म्हटलं, आता बोट काही हलत नाही. मागच्या झोपड्यांतही विचारून आले."

"आणि मला खरंच घेरी आली असती तर?"

तिने माझा टॉवेल घेऊन माझे केस पुसायला सुरुवात केली. "खरी घेरी येणारी बाई," ती म्हणाली, "आधी चपला काढून कडेला जोडीने ठेवत नाही."