हसण्याचे गाऱ्हाणे

वहिनी गेल्यापासून दादा हसला नव्हता, आणि गेले काही दिवस त्याने जेवणही टाकले होते. डॉक्टरांचे उपाय संपले, माझे तर त्याआधीच. शेवटी देवळाच्या मंडपात विनोदी चित्रपट दाखवणार होते, तिथे त्याला नेले.

आधी शाल-श्रीफळांचे सत्कार झाले. त्यात विनोद पुष्कळ होता, पण कोणी हसले नाही. मग मानकऱ्याने देवाला गाऱ्हाणे घातले, "बघणारो हरेक माणूस हसान घराक जांव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो. एरवी मी देवाला त्रास देत नाही.

चित्रपटातल्या साध्या कारकुनाला दिवसभर डबा खायला सवड मिळत नाही. शेवटी घरी बायको त्याला गरम भात वाढते.

बाहेर पडताना एक मासेवाली मैत्रिणीला म्हणाली, "हसान हसान पोट दुखला गो!" निवृत्त मुख्याध्यापकांना आशय सापडला नव्हता. मला एकाच प्रेक्षकाचे मत हवे होते.

"कसो वाटलो, दादा?"

"त्येका वाढूक बायल आसा," दादा म्हणाला. "मगे त्येका दुख्ख कसला?"

घरी मी भात गरम करून वाढला. तो पानावर बसला आणि नुसताच बसून राहिला.