गव्हाचं पान आणि मॉनिटर

माझ्या नवऱ्याला, परीक्षितला, एखादी वस्तू निवडायला बसवलं की तो माणसाला विसरतो. कॅनडात ग्वेल्फला एकटे राहणाऱ्या माझ्या सासऱ्यांचा जुना मॉनिटर ऑक्टोबरात बंद पडला, तेव्हा यानं किचनर गावातल्या आमच्या घरात बसून दोन आठवडे तक्ता केला. सत्तावीस मॉडेलं, अकरा रकाने. रिफ्रेश रेट काय, काँट्रास्ट काय, स्टँड किती अंश वळतो काय! ज्यांना तो वापरायचा त्यांना मात्र एक फोन केला नाही. शेवटी चौतीस इंची, कमानीसारखा वाकलेला मॉनिटर घेतला, एका शनिवारी जाऊन जोडला आणि जेवून परत आला. फार खूश होता.

आता बाबा कोण, ते सांगते. शरदचंद्र, वय एकोणऐंशी. १९७१ साली परभणीहून शेतकीची डिग्री घेऊन इथे आले आणि सगळा जन्म गव्हावरच्या तांबेऱ्यात घालवला. तांबेरा म्हणजे पानावर गंजासारखी धरणारी बुरशी. त्यात पिवळा वेगळा, नारिंगी वेगळा. मोठ्या पानावर पिवळा ओळीत धरतो, त्यामुळे तो ओळखणं सोपं. कोवळ्या रोपावर ओळी नसतात, तिथे रंगावरूनच सांगावं लागतं, आणि ते बाबांना येतं. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, तरी युनिव्हर्सिटीतली मैत्रेयी ग्रीनहाऊसमधल्या रोपांचे फोटो त्यांना तांबेरा ओळखायला पाठवते. सकाळी आंघोळ, चहा, मग फोटो. सासूबाई गेल्यावर त्या फोटोंनीच बाबांना उभं केलं, असं मी तरी मानते.

डिसेंबरात मैत्रेयीचा फोन आला. बाबांनी नारिंगी ठरवलेली काही रोपं लॅबमध्ये पिवळी निघाली होती. जानेवारीत पुन्हा तेच. ती अदबीनं विचारत होती, "काका, फोटो ब्लर येतायत का?" बाबांना ती अदबच जास्त लागली. डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासून नजर उत्तम आहे म्हणून सांगितलं. बाबांचा विश्वास बसला नाही. आणि त्यांचा मुलगा काय म्हणाला? "एज आहे बाबा, लेट इट गो." हे वाक्य मी त्याला जन्मभर ऐकवणार आहे.

मार्चमध्ये मी आमटी-भाजीचे डबे घेऊन ग्वेल्फला गेले. बाबा म्हणाले, "उल्का, मैत्रेयीला ईमेल लिहायचंय. यापुढे फोटो पाठवू नकोस म्हणून. तू जरा नीट इंग्लिशमध्ये लिहून दे." मला रडू यायला लागलं, आणि कुणावर तरी ओरडावंसंही वाटायला लागलं. त्यांच्या मॉनिटरशेजारी माझा लॅपटॉप ठेवून मी त्यांचं ईमेल उघडलं. वरच मैत्रेयीचा शेवटचा फोटो होता. बाबा माझ्या खांद्यावरून वाकले.

"हा पिवळा आहे," ते लगेच म्हणाले.

मग त्यांनी तोच फोटो मॉनिटरवर उघडला. तेच पान तिथे नारिंगी दिसत होतं. बाबा एकदा इकडे बघत, एकदा तिकडे.

मी परीक्षितला फोन लावला, स्पीकरवर.

"हां, ते आय केअर मोड आहे," तो म्हणाला. "मीच ऑन केलं होतं. ब्लू लाइट कमी होतो, स्क्रीन थोडी वॉर्म, म्हणजे तांबूस दिसते. बाबांच्या डोळ्यांसाठी बेस्ट!"

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबांनी मला हातानं थांबवलं. "परीक्षित, मला सांगितलं का नाहीस?"

"त्यात सांगायचं काय बाबा? तुम्हाला ते टेक्निकल..."

बाबांनी फोन बंद केला. पाच महिने या माणसानं स्वतःला निकामी समजून काढले, आणि हा म्हणतो सांगायचं काय!

मी तो मोड बंद करून दिला. तरी बाबा त्या मॉनिटरसमोर बसेनात. खिडकीत दह्याच्या डब्यात त्यांनी गहू पेरला होता, त्याच्या एका पानाचा फोटो काढून पेन ड्राइव्हवर घेतला, डबा जॅकेटच्या आत धरला आणि म्हणाले, "चल, दुकानात."

दुकानातला मुलगा पुढे आला. "अंकल, गेमिंग के लिए चाहिए या मूवी के लिए?"

"गेहूँ के लिए," बाबा म्हणाले.

तासभर एकेका मॉनिटरवर ते तो फोटो उघडून बघत होते. शेजारी खरं पान धरायचे, मग डावीकडून, उजवीकडून, वाकून बघायचे. बाजूनं बघताच रंग पळाला की पुढचा. वाकडा तर त्यांनी लावूही दिला नाही. शेवटी चोवीस इंची, साधा, सरळ मॉनिटर निवडला. घरी येऊन स्वतः जोडला, सगळे मोड स्वतः बंद केले आणि मैत्रेयीला फोन केला.

"मैत्रेयी, ऑक्टोबरपासूनचे सगळे फोटो परत पाठव."

"अहो काका, आम्ही काही रीचेक केलेत, डोन्ट वरी."

"काही? मग बाकीच्यांवर माझंच उत्तर आहे?"

"हो काका. त्यावरूनच एक वाण नारिंगीला बळी पडतं म्हणून आपण काढून टाकलं. रोपं उपटली."

बाबांनी फोन ठेवला. आजवर मी त्यांना इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी परीक्षित धावत आला. "बाबा, मी मैत्रेयीला समजावून सांगतो, की ते सेटिंग माझं होतं."

"उत्तरांखाली नाव माझं आहे," बाबा म्हणाले. "बस इथे. जुनी उत्तरं वाच."

परीक्षित वाचायला लागला. "नंबर चार, नारिंगी."

बाबांनी फोटो बघितला. "चूक. पिवळा. लिही."

"नंबर सात, नारिंगी."

"चूक. लिही."

असं कितीतरी वेळ चाललं होतं. चूक म्हणताना बाबांचा आवाज एकदाही खाली आला नाही. एकोणिसाव्या रोपापाशी परीक्षितच्या हातातलं पेन थांबलं.

"बाबा, सॉरी."

"पुढचा नंबर वाच," बाबा म्हणाले.