ॲम्लोडिपिन, सावकाश

तेर गावच्या समस्त ग्रामस्थांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की रक्तदाबाच्या एका गोळीचं नाव या गावात शुद्ध उच्चारणारे दोघेच आहेत. एक मी, औषधाचा दुकानदार, आणि दुसरं माझं एक गिऱ्हाईक.

गिऱ्हाईक सत्तरीचं, टोपी परीटघडीची. दर महिन्याला काका येतात, पाकिटावरच्या एकेका इंग्रजी अक्षरावरून बोट फिरवतात आणि मला फर्मावतात, "म्हणा."

"ॲम्लोडिपिन!" मी नाटकातल्या राजासारखा गर्जतो.

"सावकाश. 'डि'वर जरा थांबा. आन् अर्थ?"

"रक्ताच्या नळ्या सैल करणारी गोळी, काका. मागच्या महिन्यातही हाच होता."

"बदलला तर कळवा," म्हणत ते पाकीट खिशात ठेवतात.

मागच्या वर्षी काकू गेल्या. तेव्हापासून मात्र ते नाव दोनदा म्हणवून घेतात, आणि दुसऱ्यांदा ऐकताना डोळे मिटतात. मला वाटायचं, वयाचा परिणाम.

परवा दुकानात गर्दी होती आणि मला खोडी काढायची हुक्की आली. म्हटलं, "काका, उच्चार माझ्याहून तुमचाच चोख. मग मला कशाला राबवता? आज तुम्हीच म्हणा."

काका हसले नाहीत. गर्दीचं भान न ठेवता एकदम बोलून गेले, "म्हातारीनं माझं नाव जन्मात घेतलं न्हाय. रोज सकाळी चुलीपासनं ह्या गोळीच्याच नावानं मला हाक मारायची. आता माझी मीच हाक मारून घेऊ व्हय?"