लाकूड दाखवा

शेगावच्या त्या हार्डवेअरवाल्याकडे ड्रिलचा बिट मागितला की तो आधी म्हणतो, "लाकूड दाखवा." तुकडा दिला की अंगठ्याचं नख त्यात रुतवून पाहतो, मगच खोक्याला हात लावतो. भावात मात्र एक रुपया सोडत नाही.

नातीच्या पाळण्यासाठी मी बांधावरचा एकुलता एक साग कापला होता. तुकडा नेला नाही म्हणून त्यानं मला चारचौघांत माझ्या गावी, वडनेरला परत पाठवलं. मी भडकलो, "मले लाकूड शिकवतं का बे?"

"तुमाले मालूम हाय भाऊ, बिटाले कुठं मालूम हाय?"

दुसऱ्या दिवशी पाळण्याची पट्टीच घेऊन गेलो. ती फुटली असती तर दुसरी निघण्याइतकं लाकूड उरलं नव्हतं. मी उचललेला लोखंडात भोक पाडायचा बिट त्यानं काढून घेतला, दुकानातल्या मशीनला मधे टोक असलेला लाकडाचा बिट लावला. पट्टीखाली एक टाकाऊ फळी ठेवून दोन्ही घट्ट आवळल्या आणि भोकं पाडायला मशीनचा दांडा हळूहळू खाली आणला.

"खालून आधार नसला तं बिट निघतानी ढलपी उडते, भाऊ."

एकही ढलपी उडाली नाही. त्या हेलपाट्याचा राग अजून गेलेला नाही, पण असा माणूस भेटला हे माझं नशीब. नात आता ती पट्टी धरून उभी राहते. तिची बोटं नेमकी त्या भोकांच्या कडांवर येतात, आणि मी निर्धास्त बघत बसतो.