उत्तरेकडची भिंत

संग्रहालयाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर सिमेंट चढताना दिसलं, तेव्हा कडूबाईने डोक्यावरचं घमेलं दाणकन खाली आदळलं.

"काकासाहेब, कुणी सांगितलं हे?"

काकासाहेब ठेकेदार, वयाने तिच्या मुलाएवढा. "मावशी, उद्घाटन आठ दिवसांवर हाय. तुमचा चुना कवा मुरायचा?"

"एकवीस दिवस लागत्यात. टाक्यात घातला तवाच सांगितलं हुतं."

"मग मंत्र्यांना सांगू का, चुना मुरला की या?"

मजूर हसले.

कर्जतकडची कडूबाई तीस वर्षे जुन्या इमारतींसाठी चुना तयार करत आली. वाळू, विटेची भुकटी, गूळ, हिरड्याचं पाणी. लोण्यासारखा झाल्याशिवाय तिने तो कधी भिंतीला लावू दिला नाही. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तिचा श्वास कोंडतो. दक्षिणेच्या दालनात हेच झालं होतं. एका पावसाळ्यात दगडाचे पापुद्रे सुटले, आतल्या पोथ्यांना बुरशी आली. अहवालात काय लिहिलं? नैसर्गिक झीज! सही करणाऱ्याने भिंतीला हात तरी लावला होता का?

मजूर जेवायला गेले. सिमेंट अजून ओलं होतं. कडूबाईने थापी घेतली, सगळं खरवडून काढलं, दगड धुतला.

"मावशी, डोकं फिरलं का तुमचं?" काकासाहेब ओरडला. "उद्यापासून कामाला येऊ नका!"

"कामाला न्हाई येत. बसायला येते." ती भिंतीला पाठ टेकून बसली. "लाव आता. आधी माझ्या अंगाला लाव."

ती रोज सकाळी येई, काम बंद होईपर्यंत बसे. बाईला ओढून काढायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी उद्घाटनाच्या दिवशी त्या उघड्या भिंतीवर भलामोठा फ्लेक्स लागला. तो ठोकायला दोनशे वर्षांच्या दगडांच्या सांध्यांत बावीस खिळे मारले, आणि त्याच फ्लेक्ससमोर वारसा जपण्यावर पाऊण तास भाषण झालं. कडूबाईला पोलिसांनी फाटकाबाहेर उभं केलं होतं.

पंधरवड्याने काकासाहेबाचा फोन आला. तज्ज्ञांची पाहणी ठरली होती, त्यांना सिमेंट चालणार नव्हतं, आणि कडूबाईशिवाय टाक्यातल्या चुन्याला हात लावायला एकही गवंडी तयार नव्हता.

"मावशी, चुना मुरलाय. या की."

"मुरलाय ते मला माहीत हाय. खिळे काढले का?"

"काढतो, दोन मिन्टांचं काम."

"हात लावू नको! म्या आल्यावर, माझ्यासमोर, एकेक काढायचा. आन् काढायचा तूच."